नऊ कोंबड्या, तीन तोंडं

भाऊराव काळबांडे यांना माणसाचं नाव, गाव, नोकरी यांत काडीचाही रस नव्हता. कुणीही भेटलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "घरात तोंडं किती?"

छत्तीसगढ नवं राज्य झालं, रायपूर राजधानी झालं, आणि विदर्भातले माझ्यासारखे पुष्कळ जण नोकरीसाठी तिकडे गेले. मी वर्ध्याहून आलो तो आठेक वर्षांनी, नव्याने उघडलेल्या एका खात्यात. ऑफिसात फायली येऊन पडल्या होत्या, खुर्च्या यायच्या होत्या. पुरानी बस्तीत एक मराठी घर मागची खोली भाड्याने देतं असं कळलं, म्हणून मी जाऊन कडी वाजवली. दार भाऊरावांनी उघडलं. अंगात बनियन आणि काखेत एक तांबडी कोंबडी.

"तोंडं किती?"

"जी?"

"खानारी तोंडं. तुले धरून."

"एकच. मी."

ते जरा हिरमुसले. पाच-सहा तरी निघतील अशी त्यांची अपेक्षा असावी. मग काखेतल्या कोंबडीकडे बघत म्हणाले, "चाल, एक त एक. तीन कोंबड्या वाढवा लागतील." भाडं, पाणी, वीज हे किरकोळ विषय त्यांच्या बायकोने, सुमनकाकूंनी, नंतर काढले.

काका रेल्वेच्या रनिंग रूममधून निवृत्त झाले होते. ड्रायव्हर आणि गार्ड ड्युटी संपली की जिथे जेवतात, झोपतात आणि पुढची गाडी घेऊन निघून जातात ती रनिंग रूम. तिथलं स्वयंपाकघर काकांनी तीस वर्षं सांभाळलं. आज किती गाड्या, म्हणजे किती तोंडं, म्हणजे किती कणीक, किती डाळ, किती अंडी. निवृत्तीबरोबर ती तोंडं गेली, हिशेब मात्र डोक्यात राहिला. तो त्यांनी परसातल्या कोंबड्यांवर बसवला.

"एका तोंडाले तीन कोंबड्या," हा त्यांचा सिद्धांत. "एक अंड्यावर, एक खुडूक, एक रुसलेली." खुडूक म्हणजे अंडी घालणं बंद करून, पिसं फुलवून नुसती बसून राहिलेली. रुसलेली म्हणजे जिचं काय बिनसलंय ते कुणालाच कळत नाही ती. मी एकदा विचारलं, रुसते कशाने? तर म्हणाले, "काहून रुसली ते इचारू नको बाबू. तुह्या काकूचं मले चाळीस वर्षांत नाही समजलं."

तर नवराबायकोच्या दोन तोंडांना सहा, आणि मी आल्यावर नऊ. या नऊही जणींना रेल्वे स्टेशनांची नावं होती. रायपूरहून नागपूरकडे निघालं की लागतात ती, दुर्ग, राजनांदगाव, डोंगरगड, आमगाव, गोंदिया, तुमसर, भंडारा, कामठी आणि इतवारी. कोंबडा एकच, त्याचं नाव रेल्वेच्या कंट्रोल रूमवरून कंट्रोल. सकाळी परसातून काकांचा आवाज यायचा, "डोंगरगड बसली, गोंदिया लेट हाय, कामठी टाइमावर!" पहिल्या आठवड्यात माझा समज झाला की म्हातारा घरबसल्या अजूनही गाड्या सोडतो.

सिद्धांतात एकच खोट होती, आणि ती आपल्याच माणसांच्या घरात निघावी अशी होती. रनिंग रूममधली तोंडं सातही दिवस खायची. सुमनकाकूंच्या घरात वार होते. सोमवारी अंडं नाही, गुरुवारी नाही, शनिवारी तर मुळीच नाही. चतुर्थी, एकादशी वेगळ्या. श्रावण आख्खा बाद, नवरात्र बाद. इतर दिवशीही अंडं स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडायचं नाही. परसात पेरूच्या झाडाखाली वेगळी चूल, आणि झाडाच्या फांदीला टांगलेली वेगळी कढई. कोंबड्यांना मात्र यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्या गुरुवारीही घालायच्या आणि भर श्रावणातही घालायच्या.

"सहा खूप झाल्या," काकू म्हणत. "वार काढले त चारातही भागते. त्या नऊ जणी माही तुळस खाऊन राहिल्या. तीन देऊन टाका उरल्याले."

उरला म्हणजे रायपूरलगतचा कारखान्यांचा भाग, तिथे काकूंचा भाऊ राहायचा. रोलिंग मिलमध्ये शिफ्टवर होता. दोन महिन्यांतून एकदा बहिणीला भेटायला यायचा, पण नजर परसाकडे. आल्या आल्या भंडाऱ्याला उचलून हातावर तोलून बघायचा. उरल्याला गेलेली कोंबडी अंड्यांसाठी जाणार नव्हती हे सगळ्यांना माहीत होतं. काका स्वतः घरची कोंबडी कधी खात नसत. "नाव ठेवलं का मंग खाता येत नाही," म्हणत.

"तीन कशा देऊ?" ते काकूंवर डाफरत. "तोंडं तीन हायेत. आन् भंडारा, कामठी, इतवारी काढली त गाडी नागपूरले पोचन कशी?"

इथे मला एक कबुली द्यायची आहे. ते तिसरं तोंड, म्हणजे मी, अंडं खात नव्हतं.

आमच्या घरी आई माळकरी. अंड्याचा वाससुद्धा मला सोसत नाही. पण पहिल्याच दिवशी काकांनी माझ्या तळहातावर एक अंडं ठेवलं. लिंबाहून थोडं मोठं, बदामी रंगाचं, अजून कोमट. "तुमसरनं तुह्यासाठी देल्लं," म्हणाले. आता तुमसरला नाही कसं म्हणायचं? मी ठेवून घेतलं. तिथून जे सुरू झालं ते थांबेना. दिवसाआड माझ्या खिडकीत दोन अंडी. मी ती ऑफिसला जाताना नाक्यावरच्या ऑमलेटच्या गाडीवाल्या भैयाला देऊन टाकायचो. गावठी अंडी पाहून तो खूश व्हायचा आणि ती घरी बायकामुलांसाठी न्यायचा.

एवढ्यावर सुटलो असतो. पण काकांचा नियम होता, टरफल वापस. अंड्याची वाळलेली, कुटलेली टरफलं कनकीत कालवून ते कोंबड्यांना घालत. कनकी म्हणजे तांदळाचा तुकडा, छत्तीसगढात कोंबड्यांचं मुख्य अन्न. "कोंबडीचं कोंबडीले गेलं पाहिजे," म्हणत. शेजारीपाजारी कुणाला अंडं दिलं तरी टरफल मागायला स्वतः जायचे. लोक दार लावून घ्यायचे. मला मुदत दिली होती रविवार सकाळची.

मग मी काय केलं, तर शनिवारी गाडीवाल्या भैयाकडून टरफलं घ्यायला लागलो. तो आधी माझ्याकडे संशयाने बघायचा. पुढे पुढे मला पाहिलं की आपणच डबा पुढे करायचा, "लो साहब, आपका माल." रविवारी सकाळी मी तो डबा घेऊन पेरूखाली जायचो. काका टरफलं सुपात ओतायचे, बोटांनी पसरायचे, मान हलवायचे. "बरोबर. चांगलं खाऊन राहिला. तब्येत दिसते." मग बिनदुधाचा लाल चहा यायचा. तास-दीड तास रनिंग रूमच्या गोष्टी चालायच्या. पुरात अडकलेले बारा गार्ड आणि उरलेली चार किलो डाळ, ही गोष्ट मी निदान वीस वेळा ऐकली. मुलगी बंगळुरूला होती. तिच्या पोराला मराठी समजायचं, पण तो फोनवर उत्तर हिंदीत द्यायचा आणि दोन मिनिटांत ठेवायचा. काका त्यालाही विचारायचे, "तोंडं किती झाली आज टेबलावर?" पलीकडून नुसतं हसू यायचं.

खरं सांगून टाकावं असं मला कितीदा वाटलं. पण माझं तोंड हिशेबातून निघालं की भंडारा, कामठी आणि इतवारी उरल्याच्या पातेल्यात, हे मला लख्ख दिसत होतं. तीन जिवांचा भार माझ्या एका खोटेपणावर होता. त्यामुळे मी निमूटपणे टरफलं वाहत राहिलो. अशी चार वर्षं गेली.

मग आमचं ऑफिस शहराबाहेर नव्याने वसवलेल्या नवा रायपूरला हललं आणि मला तिकडे क्वार्टर मिळालं. रस्ते असे रुंद की पलीकडचा माणूस ओळखू येऊ नये, आणि बस आली तर आली. मी सामान बांधलं त्या दिवशी सकाळपासून काका परसातून आत आलेच नाहीत. गाड्यांची नावंही ऐकू आली नाहीत. काकू मात्र माझ्यासमोरच म्हणाल्या, "आता दोन तोंडं. भावाले सांगतो, रविवारी ये म्हणून."

मी तडक पेरूखाली गेलो. काका चुलीपाशी उकिडवे बसून इतवारीला कनकी घालत होते.

"काका, माझं तोंड कमी करू नका," मी काकूंना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं. "मी दर रविवारी येऊन माझी अंडी घेऊन जाईन. तिकडे गावठी मिळत नाहीत. मला सवय झालीये."

काकांनी मान वर केली. माझ्याकडे बघितलं आणि हसायलाच लागले. इतवारी घाबरून लांब पळाली.

"तू कुठं अंडं खातं बे?"

मी पळालेल्या इतवारीकडे बघू लागलो.

"माह्या कोंबड्यायचं अंडं बदामी. तू आनून राहिला पांढरीफेक टरफलं, गाडीवरची. ह्या परसात एकीनंही आजपर्यंत पांढरं अंडं नाही घातलं. पहिल्या रविवारीच समजलं मले."

चार वर्षं मी कोमट बदामी अंडी हातात घेत होतो आणि दर शनिवारी पांढरी टरफलं डब्यात भरत होतो, आणि हा फरक माझ्या लक्षात आला नव्हता. न खाणाऱ्याला कोण सांगणार! मी दाराकडे पाहिलं. काकू तिथेच उभ्या होत्या.

"मलेही माहीत होतं," त्या म्हणाल्या. "टरफलं कुटते कोन? मी."

म्हणजे एवढी वर्षं तीन तोंडांवरून रोज भांडण, आणि त्या भांडणात ज्या एका वाक्याने काकू जिंकल्या असत्या ते वाक्य त्यांनी एकदाही उच्चारलं नव्हतं. मला भयंकर लाज वाटली. लाजेपेक्षाही जास्त, मला त्या दोघांची माया वाटली.

"मग देत कशाला होतात अंडी?" मी काकांना विचारलं.

ते कनकी चिवडू लागले. "रनिंग रूममधी मानूस जेवला का निंगून जाये. थांबे नाही कोनी," ते म्हणाले. "तू टरफलं घेऊन येत होता. बसत होता."

काकू पुढे आल्या. फांदीची कढई काढून त्यांनी उगाचच पदराने पुसली आणि पुन्हा टांगली. "भावाले नाही बोलावत मी," एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या.

टेम्पोवाला बाहेर हॉर्न वाजवत होता. मी काकांच्या पाया पडलो. ते उठले, कोपऱ्यातला माझा रिकामा डबा त्यांनी झटकून माझ्या हातात दिला.

"रविवारी बस नऊले असते तिकडून," ते म्हणाले. "टरफलं आनजो. पांढरी चालतात."