ओडेसाच्या अर्ध्या वेण्या

रविवारी दुपारी ओडेसा प्रुइटच्या डोक्याची उजवी बाजू वेण्या घालून तयार होती आणि डावी बाजू अजून छताकडे तोंड करून उभी होती. मिनेसोटातल्या त्या विद्यापीठाच्या गावात काळ्या लोकांचे असले दाट कुरळे केस हाताळणारं एकही दुकान नाही, त्यामुळे सगळं आपलं आपणच. वेणीत गुंफलेल्या नकली केसांची टोकं लायटरने जाळून बंद करायची, ही तिच्या मेम्फिसच्या घरची रीत. छताला लावलेल्या, धूर दिसला की वाजणाऱ्या भोंग्याला ती पसंत नव्हती.

भोंगा कोकलला आणि ओडेसाचं धाबं दणाणलं. मागच्या महिन्यात केस सरळ करायचा लोखंडी कंगवा तापवताना तो एकदा वाजलाच होता. दुसऱ्यांदा वाजवणाऱ्याला वसतिगृहातली खोली सोडावी लागे, आणि बाहेरची खोली तिला परवडण्यातली नव्हती. म्हणजे थेट मेम्फिसची बस आणि शिक्षणाला रामराम!

सगळी इमारत बर्फात येऊन उभी राहिली.

"आत कुणी राहिलंय का?" आगीच्या बंबावरच्या जवानाने विचारलं.

"माणसं नाहीत," ओडेसाच्या खोलीतली ब्रिटा रडवेली होऊन म्हणाली, "पण हिचे केस राहिलेत वर! अख्खं पुडकं!"

जवानाने ओडेसाची डावी बाजू पाहिली. जळका वास नाकात होताच. हळहळत त्याने तिला घोंगडीत गुंडाळलं आणि रुग्णवाहिका बोलावली.

"अहो, मला काही झालेलं नाही! माझे केस असेच आहेत!"

"धक्का बसला की असंच बोलतात," तो ब्रिटाला म्हणाला.

तेवढ्यात वेगळ्या वंशाच्या विद्यार्थ्यांना सामावून घेण्यासाठी नेमलेल्या समितीचा सचिव कार्टर पुढे झाला. समितीला बऱ्याच दिवसांत काम मिळालं नव्हतं.

"ओडेसा, आम्ही सगळे तुझ्या केसांच्या पाठीशी आहोत. संध्याकाळी इथे मेणबत्त्या लावू."

"आता आणखी काही पेटवू नकोस रे बाबा!"

एवढी माणसं कळवळून तिच्याकडे बघत होती, पण अर्ध्या वेण्या म्हणजे काय, हे त्यांतल्या एकालाही ठाऊक नव्हतं. ओडेसाला फार एकटं वाटलं.

रुग्णवाहिका रिकामीच परत गेल्यावर वसतिगृहप्रमुख थिबोडोबाईंनी तिला कचेरीत नेलं. बाई या सत्रातच आलेल्या, लुइझियानाच्या, ओडेसासारख्याच काळ्या आणि नियमाला भलत्याच पक्क्या. त्यांनी दार लावून घेतलं.

"दुसरी वेळ ना?"

"हो, मॅडम."

"मग नियम तो नियम. खोली आजच रिकामी कर."

ओडेसाच्या डोळ्यांत पाणी आलं. "चुकलं माझं. पण मी जाऊ कुठे?"

"माझ्या शेजारची खोली मोकळी आहे, तिथे." बाईंनी कानांपर्यंत ओढलेली लोकरीची टोपी काढली. आतून, इथे आल्यापासून कुणाचा हात न लागलेला केसांचा गुंता बाहेर आला. "सामान सावकाश आण. आधी कंगवा आण. आणि लायटर नको गं पोरी, माझ्याकडे किटली आहे. टोकं उकळत्या पाण्यात बुडवू."

ओडेसाने डोळे पुसले, गुंत्यात बोटं घालून बघितली आणि मान हलवली.

"मॅडम, हे एका दिवसात आटपायचं काम नाही."

"म्हणून तर शेजारची खोली दिली. पदवी मिळेपर्यंत होईल ना?"