लारीला चिंचेचं पोटीस

तातेरावांनी हिऱ्या-पाखऱ्याची बैलजोडी देऊन नांदेडहून आलेली जुनी लारी घरी आणली, तेव्हा बायकोला विचारलं नव्हतं. हा गुन्हा जवळा बाजारात काही नवा नव्हता. शालूबाई तो विसरायला तयार नव्हत्या, हे मात्र नवं होतं. बैल गेले होते गल्लीच्या टोकाला, माणिकरावांच्या दावणीला. सकाळी पाण्यावर जाताना ते सवयीनं जुन्या दारात थांबत, शालूबाई त्यांच्या तोंडावरून हात फिरवत, आणि मग अंगणातल्या लारीकडे अशा बघत की लारीला जीव असता तर ती आपल्या पायानं परत नांदेडला गेली असती.

माणिकराव भला माणूस. सौद्याच्या वेळीच त्यांनी सांगून ठेवलं होतं की पोळ्यापर्यंत लारी धकली तर बैल माझे, नाही धकली तर तुमचे तुम्ही घेऊन जा. तातेराव तेव्हा हसले होते. लारी लहानशी होती, पुढं दोन माणसं बसायची आणि मागं उघडा हौदा, पण दिवाळीनंतरचा अर्ध्या गावचा कापूस हिंगोलीच्या जिनात न्यायचं काम त्यांनी तिच्या जिवावर पत्करलं होतं. लारी गेली तर काम जाणार, आणि वर आख्खं गाव म्हणणार की शालूबाई म्हणत होती तेच खरं. दुसरी गोष्ट तातेरावांना जास्त जड गेली असती.

आखाडात हिंगोलीहून बातमी आली आणि त्यांचं हसू मावळलं. मोटारी तपासणारा एक नवा साहेब आला होता. तो रंग बघत नव्हता, भोंगा वाजवत नव्हता. खिशातून एक लहानशी हातोडी काढायचा आणि पत्रा ठोकून बघायचा. उत्तमरावांच्या लारीला नवाकोरा हिरवा रंग होता, वर चाफ्याची फुलं काढलेली होती. साहेबानं दरवाजाच्या बुडाला हातोडी मारली ती आरपार गेली. आतून सगळा गंज. वरून कीर्तन, आतून तमाशा. साहेबानं नंबराची पाटी जमा करून घेतली, आणि आता त्या लारीत उत्तमरावांच्या कोंबड्या बसत होत्या.

तातेराव त्याच दिवशी लारीखाली आडवे झाले. त्यांनी मोटेच्या कातड्याला लावतात तसं करडईचं तेल कढवलं, काठीला चिंध्या गुंडाळल्या आणि काचेच्या फटीतून दरवाजाच्या पोटात, हौद्याच्या दुहेरी पत्र्यात, जिथं काठी जाईल तिथं तेल फासलं. काम नामी झालं. इथं थांबले असते तर बरं झालं असतं. पण एक शहाणपण अंगी लागलं की माणसाला दुसरं सुचतंच, आणि ते बहुतेक वेळा पहिल्यावर पाणी फिरवतं.

त्यांना दरवाजांच्या बुडाला बारीक भोकं दिसली. एकेका दरवाजाला तीन तीन, आणि हौद्याच्या कडेला चार. त्यांनी बराच विचार केला. कंपनीवाल्यांना एवढी मोठी गाडी बांधता आली आणि ही दहा भोकं बुजवायला विसरले, याचं त्यांना हसू आलं. चिखलपाणी आत शिरायची हीच तर वाट. त्यांनी फकीर गवंड्याला बोलावणं धाडलं.

फकीर म्हणजे विहिरी बांधणारा माणूस. चुना, गूळ आणि बेलाचा गर एकजीव मळून तो जो गिलावा करायचा, त्यातून पाण्याचा थेंब जात नसे. डोंगरकडा गावच्या विहिरीचं नाव तो वाक्यागणिक घ्यायचा. लारीच्या भोकांत चुना भरायचा म्हटल्यावर त्याला आधी कमीपणा वाटला, मग त्यानं एका दिवसात असं काम केलं की भोक कुठं होतं हे सापडेना.

शालूबाई तुळशीपाशी उभ्या राहून बघत होत्या. त्यांनी एकच विचारलं.

"तुळशीच्या कुंडीला बुडाशी भोक काहून ठेवतेत?"

"पाणी निघून जावं म्हणून," तातेराव लारीखालून म्हणाले. "लारी काय तुळस हाय व्हय? हिला कोण रोज पाणी घालून राहिलं?"

"देव घालील की," शालूबाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

आणि देवानं घातलं. श्रावणात झड लागली ती आठ आठ दिवस उघडेना. काचेच्या फटीतून पाणी दरवाजात उतरत राहिलं, आणि फकीरच्या गिलाव्यातून त्यातला थेंबही बाहेर आला नाही. पोळा पाच दिवसांवर आला तेव्हा तातेरावांनी दरवाजा उघडला, तर तो भरल्या घागरीसारखा जड लागला. हलवून बघितला, तर आत खळखळ झालं.

त्याच दिवशी बाजारात कळलं की साहेब पोळ्यालाच जवळा बाजारात येणार आहे. सणाच्या दिवशी सगळ्या मोटारी घरी सापडतात, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

तातेरावांनी खिळा घेतला, खिळा वाकला. छिन्नी घेतली, तर पत्र्याला पोचा आला आणि चुना तसाच. फकीरकडे गेले तर तो दुखावला. आपलं काम आपल्या हातानं फोडणं त्याच्या घराण्यात नव्हतं. त्याच्या बापानं बांधलेली विहीर सुरुंगालाही दाद देत नाही, हे त्यानं दोनदा सांगितलं. तातेरावांनी रबराची नळी घालून पाणी ओढून बघितलं. तोंडात करडईचं तेल आणि गंज यांचा जो घोट आला, त्यानं त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. घरात मात्र त्यांनी चकार शब्द काढला नाही. शालूबाईंनीही विचारलं नाही, आणि हे न विचारणं त्यांना सगळ्यात जास्त खुपत होतं.

पोळ्याच्या दिवशी उजाडताना ते परसातून आले आणि जागच्या जागी थबकले. लारीखालून बायकोचे पाय बाहेर आलेले होते.

शालूबाई जुन्या लुगड्याच्या चिंध्या सोडून नव्या बांधत होत्या. प्रत्येक भोकावर भिजवलेल्या चिंचेचा गोळा, आणि वरून आवळलेली चिंधी. गळवाला पोटीस बांधावं तसं सगळं. तीन दिवसांपासून हे चाललं होतं, आणि तातेराव रोज सकाळी वेशीपर्यंत जाऊन साहेब आधीच येतो की काय म्हणून वाटेकडे डोळे लावून बसल्यानं त्यांना पत्ता नव्हता.

त्यांच्या डोक्यात तिडीक गेली. त्यांना एकच अर्थ लागला. चिंचेनं तांब्याचा थर निघतो, म्हणजे लोखंडाचाही निघणार. पत्रा खाऊन जाणार, साहेबाची हातोडी आरपार जाणार, पाटी जाणार आणि हिऱ्या-पाखऱ्या परत दारात येणार.

"बैलांसाठी माझ्या लारीवर इख घालून राहिलीस?" ते म्हणाले. "समोर सांगायचं व्हतं. मीच विकून टाकली असती."

शालूबाई बाहेर आल्या. हात कोपरापर्यंत चिंचेनं माखलेले. काहीतरी बोलणार तेवढ्यात वेशीकडून भोंगा वाजला.

साहेब उंच, बारीक, पांढऱ्या पाटलोणीतला, आणि कामापुरता बोलणारा होता. बरोबर बघ्यांची रांग होती, तीत फकीरही होता, आपलं काम साहेबाला दिसावं म्हणून. तातेरावांनी पाट दिला, पाणी दिलं. साहेबानं दोन्ही नको म्हणून हातोडी काढली.

हौदा ठोकला. ठीक वाजला. पुढचा पत्रा ठोकला. ठीक. मग दरवाजाच्या बुडाला हातोडी टेकवली आणि मारली. बद्द आवाज आला. त्यानं भुवई वर केली आणि पुन्हा मारली. पुन्हा बद्द.

"अंदर क्या है?"

तातेराव म्हणाले, "हवा हाय साहेब."

साहेबानं दरवाजा धरून हळूच हलवला. आतून स्पष्ट खळखळ ऐकू आली. बघ्यांतलं कुणीतरी खोकलं.

"आपके यहाँ हवा बोलती है," साहेब म्हणाला आणि खाली वाकला.

त्यानं एक चिंधी धरून ओढली. चिंचेचा गोळा निघाला, आणि त्याच्यामागं आंबटानं मऊ पडलेला चुना भळकन खाली आला. मग लाल, तेलकट, आंबूस पाण्याची धार सुटली ती थेट साहेबाच्या पाटलोणीवर. ओझं हललं तशी शेजारची दोन भोकंही सुटली. पलीकडच्या दरवाजानंही तेच केलं. सगळ्या अंगणात पाणीच पाणी. तातेरावांनी डोळे मिटून घेतले. त्यांना कोंबड्या दिसत होत्या.

साहेब सरळ झाला नाही. त्यानं रिकाम्या भोकात बोट घातलं, फिरवलं, बाहेर काढून बघितलं. बोटाला तेल होतं. गंज नावापुरता.

"बंद किसने किए थे?"

फकीरनं छाती पुढं केली होती, ती त्यानं मागं घेतली. तातेराव म्हणाले, मी केले.

"और खोले किसने?"

आता आली पंचाईत. मी म्हणावं तर कुणी खोटं पाडणार नव्हतं. तातेरावांनी बायकोच्या हातांकडे बघितलं. चिंचेनं नखं काळी पडली होती, बोटांना चिरा गेल्या होत्या.

"हिनं," ते म्हणाले. "मला आत्ता सकाळी कळलं. आन मी हिलाच बोललो."

साहेबानं शालूबाईंकडे एकदा बघितलं, लारीच्या पुढच्या पत्र्यावर कागद ठेवून उर्दूत, म्हणजे तेव्हाच्या सरकारी भाषेत, बरंच काही लिहिलं, कागद तातेरावांच्या हातात दिला आणि ओल्या पाटलोणीनं निघून गेला. पाटीला त्यानं हात लावला नव्हता, पण लावणार नाही असंही म्हणाला नव्हता.

उर्दू वाचणारा तिथं एकटा फकीर. तो अक्षर अक्षर जुळवून वाचायचा, आणि आज तर त्याला मुळीच घाई नव्हती.

"लारी दुरुस्त हाय," फकीरनं शेवटी वाचलं. "पाटी कायम. दुसऱ्या लाऱ्यांचे मालक ही भोकं बुजवून टाकतेत, म्हणून त्यांचे पत्रे आतून सडतेत. या लारीची भोकं वेळेवर उघडली. दोन महिने उशीर झाला असता तर दरवाजा हातात आला असता." तो थांबला, त्यानं पुढची ओळ मनात वाचली आणि तातेरावांकडे दयेनं बघितलं. "इथून पुढं लारीला काही लावायचं, भरायचं, बांधायचं झालं, तर मालकानं आधी आपल्या बायकोला विचारावं. हुकूम हाय, भाऊ. खाली शिक्का हाय."

कागद परत देताना तो तातेरावांच्या कानाशी लागला. चिंचेचं कुणाला सांगू नका म्हणाला, माझ्या विहिरी हायेत.

माणसं पांगली. गल्लीतून घुंगरांचा आवाज आला. माणिकराव शिंगं रंगवलेल्या हिऱ्या-पाखऱ्याला घेऊन पुरणपोळीला दारात येत होते, आणि आता ते बैल खरोखरच माणिकरावांचे होते. शालूबाईंनी हात धुतले, पोळ्यांचं ताट आणलं. तातेरावांना राहवलं नाही.

"हे तीन दिवस गप राहिली असतीस, तर बैल दारात आले असते. मग काहून खोललंस?"

"दारातलं जनावर पोटात पाणी होऊन मरून राहिलेलं मला बघवत न्हाई," शालूबाई म्हणाल्या. "मंग ते लोखंडाचं का असंना." त्यांचे डोळे भरून आले होते, आणि त्या हिऱ्याच्या गळ्याला हात घालून उभ्या होत्या.

तातेरावांना फार वाईट वाटलं. काहीतरी करावं म्हणून त्यांनी पोळ्याचं आंब्याच्या पानांचं तोरण उचललं आणि लारीच्या तोंडाला बांधायला गेले. गाठ मारणार तेवढ्यात त्यांचा हात हवेत थांबला. खिशातला कागद त्यांनी वरून चाचपला आणि मागं वळले.

"बांधू का?" त्यांनी विचारलं.

शालूबाईंनी आधी पाखऱ्याला त्याची पोळी पुरी खाऊ दिली. मग म्हणाल्या, "बांधा."