बिराजदार सरांची कडक भाकरी

तंबाखू खातोस का, असं आमच्या शाळेत मुलांना कुणी विचारत नाही. पीटीचे बिराजदार सर त्यांना सरळ भाकरी खायला घालतात.

भाकरी आपली सोलापुरी, कडक. पापडासारखी पातळ, महिनाभर टिकणारी, दाताखाली कट्ट वाजणारी. सोबत शेंगाचटणी. मधल्या सुट्टीत नळाजवळच्या लिंबाखाली सर मांडीवर पत्र्याचा डबा घेऊन बसतात आणि जाणाऱ्या-येणाऱ्या पोराला हाक मारतात, "बा इकडं. तिन्नु!" म्हणजे कानडीत ये आणि खा. सर मूळचे होटगीचे. राग मराठीत, माया कानडीत.

पोरानं कट्ट करून तुकडा मोडला, चटणी चाटली आणि वर दुसरा मागितला, की पास. चटणी झोंबून डोळ्यांत पाणी आलं, तर सर म्हणणार, "हं. बोटं." मग तीन बोटं उभी तोंडात घालून दाखवायची. ती जाईनात, तर स्वारी मावा खाते असं समजायचं. हा मावा पेढ्यातला नव्हे. सुपारी, तंबाखू आणि चुना एकत्र घोटलेला, टपरीवर पुडीत मिळणारा. तो खाणाऱ्याचं तोंड आतून आवळत जातं. आधी तिखट सोसत नाही, मग जबडाच उघडेनासा होतो.

मी मराठी शिकवते, आणि आरोग्य समिती माझ्या गळ्यात पडलेली आहे. मी हौसेनं व्यसनमुक्तीची चित्रस्पर्धा घेतली. मुलांनी झाडून सगळ्यांनी कवट्या काढल्या. सरांनी त्या निवांत पाहिल्या आणि म्हणाले, "मॅडम, झ्याक हायत की. फक्त पहिला नंबर दिलाय त्याचा खिसा बघा." पाहिला. पुडी होती.

व्यसनमुक्तीवर भाषण द्यायला आलेल्या पाहुण्यांनाही सरांनी सोडलं नाही. पाहुण्यांनी चटणी जिभेला लावली, तांब्याभर पाणी रिचवलं आणि भाषण आटोपतं घेतलं. मुख्याध्यापकांनी सरांना खोलीत बोलावून झापलं. "चटणी खोटं बोलत न्हाय," सर म्हणाले, "त्याला मी तरी काय करू?"

बाकीच्या तऱ्हाही काही कमी नाहीत. पीटीचे सर, पण गळ्यात शिट्टी नाही. सगळी कवायत टाळ्यांवर. आणि होटगीहून आईचा फोन नेमका मधल्या सुट्टीत येतो, तो सर भाकरी खाणाऱ्या पोराच्या तोंडाशी धरतात. कट्ट वाजलं की "ऐकलीस न्हवं, अव्वा?" म्हणायचं, दोन शब्द कानडीत बोलायचे आणि फोन खिशात. आम्ही शिक्षक यावर पोट धरून हसायचो.

मग यंदा प्रज्वल सापडला. नववीतला, कबड्डी संघाचा कप्तान, सरांच्या गळ्यातला ताईत. चटणी लागताच तो कळवळला. दोन बोटं गेली, तिसरं अडलं. दाढ दुखते म्हणाला. सरांनी डबा मिटला आणि पुढे काही दिवस तो उघडलाच नाही. एकदा मधल्या सुट्टीत माझ्याकडे आले. "मॅडम, क्रीडाखोलीत चला. मी एकटा असलो तर हात उठायचा माझा."

प्रज्वल निर्धास्त उभा होता. "टेन्शन घेऊ नका की सर. दहावी झाली की सोडतो. सोडलं की तोंड होतंय पहिल्यासारखं."

सरांनी स्वतःचीच बोटं उभी करून तोंडाशी नेली. एक गेलं. दुसरं जाईना. मला वाटलं, नाटक करताहेत. मग त्यांच्या कपाळावरची ताणलेली शीर दिसली.

"मी बी दहावी झाल्यावरच सोडला," सर म्हणाले. "लई वर्सं झाली. आवळायचं थांबलं, पण उघडलं न्हाय. शिट्टीत फुंकर मारता येत न्हाय मला. तुझी दोन तरी जात्यात. आज सोड, तेवढी तरी राहतील. डॉक्टरकडं मी येतो संगं."

प्रज्वल खाली बघायला लागला.

"आणि ह्या भाकरी, सर?" मी विचारलं.

"अव्वा धाडती की होटगीहून. ल्हानपणी लई आवडायच्या मला. तिला आता दिसत न्हाय, तरी थापती. मी खाताना आवाज ऐकला की खूश होती." सरांनी टेबलावरच्या डब्यावरून हात फिरवला. "तिला काय सांगू, मॅडम?"

इतकी वर्षं कुणाच्या खाण्याचा आवाज होटगीला जात होता, ते मला तेव्हा कळलं. मला फार वाईट वाटलं.

तेवढ्यात फोन वाजलाच. सरांनी तो उचलला खरा, पण धरायचा कुणापुढे? प्रज्वलकडे बघायचं त्यांनी टाळलं.

प्रज्वलनं खिशातली पुडी काढून टेबलावर ठेवली. डबा उघडला आणि भाकरीचा तुकडा दाताखाली कट्ट मोडला. कड तोंडात चांगलीच टोचली असणार, त्याचे डोळे भरून आले. पण तो चावत राहिला.

पलीकडून थकलेल्या आवाजात कानडीतून काहीतरी विचारलं गेलं.

"काय म्हणत्यात?" प्रज्वलनं हळूच विचारलं.

"आणखी एक खा म्हणती," सर म्हणाले. "उपाशी राहू नको म्हणती."

प्रज्वलनं दुसरा तुकडा उचलला.