जादा पाण्याची वाट

“मास्तर, ‘सुपरफ्लुअस’ म्हणजे काय, आणि ते तुम्ही माझ्याच निबंधावर का लिहिता?”

हे विचारायची पैज मैत्रिणींनी लावली होती, आणि फुलाने ती भोरच्या शाळेत भर वर्गात उभं राहून जिंकली. मास्तरांनी कॉलेजात लॅटिन घेतलं होतं. ते रागवायचं विसरून खुलले.

“लॅटिनमध्ये ‘सुपर’ म्हणजे वरून, ‘फ्लुएरे’ म्हणजे वाहणं. भरून वरून वाहून जातं ते सुपरफ्लुअस. जास्तीचं, नको असलेलं. त्याचा भाऊ ‘रिडंडंट’. त्यात ‘उंडा’ आहे, म्हणजे लाट. तीही भरून उलटते. तुझी विशेषणं दोन्ही आहेत.”

विशेषणांचं फुलाला काही वाटलं नाही. भातलावणीच्या सुट्टीला ती आपल्या गावी, हिर्डोशीला पोचली ती मामलेदार तपासणीला आल्यासारखी. दारामागच्या दोन केरसुण्यांपैकी एक सुपरफ्लुअस ठरली. “जेवलीस का?” हे आईने तिसऱ्यांदा विचारलं, ते रिडंडंट.

“काय म्हनतीया ही?” आई साळूबाई म्हणाली.

“घरात जास्तीचं काय ते सांगतीया,” वडील रखमाजी, तिचे आबा, कौतुकाने म्हणाले. “गेनू म्हनतो, पोरीची शाळा बास करा. आता ऐक म्हनावं तुझ्या पुतनीचं.”

दुसऱ्या दिवशी आईवडील लावणीसाठी रोपं उपटायला गेले आणि फुला भाताच्या खाचराशी आली. बांधाच्या कडेला हातभर वाट ठेवलेली, तिच्यातून पाणी ओढ्याकडे चाललेलं. भरून वरून वाहणारं! एवढं पाणी फुकट जातं आणि आबांच्या ध्यानातही येत नाही? तिने दगड लावला, चिखल थापला, वर गवताची तीनपेडी वेणी घालून गच्च आवळली, आणि शाबासकीची वाट बघत बसली.

सकाळपासूनचा पाऊस काही थांबला नाही. दुपारपर्यंत खाचर ताटासारखं काठोकाठ भरलं आणि बांध मधोमध फुटला. खालचं खाचर ठकुबाईचं, एकटीने राबणाऱ्या विधवेचं, परवाच लावलेलं. त्यातली रोपं गाळासकट ओढ्याला लागली. सुपरफ्लुअस आणि रिडंडंट, दोन्ही शब्द फुलाला एकदमच डोळ्यांनी दिसले.

माणसं जमली. ठकुबाई रडलीही नाही, वर येऊन बुजलेल्या वाटेतला चिखल हाताने उपसू लागली. मग म्हणाली, “वाट कुनी बुजवली?”

“खेकड्यानं आसंल,” रखमाजी म्हणाले.

“खेकडा येनी घालतो व्हय, रखमाजी?” तिने गवताची वेणी वर धरली.

गेनूकाका शेजारीच उभे होते. गप्प राहिलं तर शाळा राहील, हे फुलाला कळत होतं. पण ठकुबाईचे गाळाने भरलेले हातही दिसत होते.

“म्या,” ती म्हणाली. कान असे तापले की त्यांवर भाकरी भाजली असती.

“शाळा,” गेनूकाका म्हणाले. एवढंच.

रखमाजींनी आपली उरलेली रोपं ठकुबाईला दिली. सात बायका लावायला आल्या. फुलाही चिखलात उतरायला गेली, तर ठकुबाई म्हणाली, “सात हाईत. तू जास्तीची. बांधावर बस, बाय.”

आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्तच लागलं.

रात्री चुलीपाशी फुलानेच विषय काढला.

“आबा, आये, शाळंचं काय ते तुमी ठरवा. पन सुट्टी सरली तरी म्या भोरला जायची न्हाई. ठकुमावशीचं रोप मूळ धरंस्तवर त्या वाटंपाशी बसनार. पानी जातंय का बघनार. निस्तं बघनार, हात लावनार न्हाई.”