सोपानरावांच्या आईचा टाक

सोपानरावांनी माझी तीन महिन्यांची मुलगी पहिल्यांदा हातात घेतली, तेव्हा तिला खिडकीच्या उजेडाकडं धरलं, मान तिरकी करून चारी बाजूंनी निरखलं आणि माझ्या बायकोला म्हणाले, "वैनी, पोरगी झ्याक हाय. डाव्या कानात जरा फरक हाय." बायको पुढं आठ दिवस त्या कानाला तेल लावून चोळत होती.

माणूस वाईट नव्हता हो! पिंपरीला औषधाचा नवा कारखाना निघाला तेव्हा आम्ही एकाच आठवड्यात चिकटलो. मी स्टोअरात कारकून, ते बाटल्यांवर. म्हणजे दिव्यासमोर बसायचं, येईल ती रिकामी बाटली उजेडात धरायची आणि कुठं चीर, बुडबुडा दिसला की बाजूला काढायची. सगळी पाळीभर हेच. त्यामुळं कामावरून सुटले तरी त्यांचा डोळा काही सुटत नसे. चहा आला, फरक. केळं सोललं, फरक. माझ्या लग्नाचा फोटो बघून "तुमच्यात न्हाई, पन वैनींच्या पदरात जरा फरक हाय," म्हणाले. मी हात टेकले होते.

त्यांची आई गेली तेव्हा ते पाळीवरच होते. चाकणच्या पलीकडं त्यांचं गाव. निरोप घेऊन माणूस सायकलनं निघाला, ती वाटेत पंक्चर झाली. सोपानराव गावी पोचले तेव्हा नदीवर सगळं आटोपलेलं. चौदाव्या दिवशी कामावर आले, दिव्यासमोर बसले आणि पहिल्याच तासात नेहमीच्या दुप्पट बाटल्या बाजूला काढल्या.

त्यांच्याकडची रीत अशी, की घरातलं मोठं माणूस गेलं की वर्षाच्या आत त्याचा चांदीचा टाक करायचा. अंगठ्याएवढा पत्रा, त्यावर माणूस उठवलेला. तो वर्षश्राद्धाला देवघरात बसवला की गेलेलं माणूस घरच्या देवांत जातं. तोवर म्हणे त्याचा जीव बाहेरच घुटमळतो. सोपानरावांच्या थोरल्या बहिणीनं, आक्कानं, आईच्या दंडातली वाकी मोडायला दिली आणि बजावलं, "सोपाना, ह्याच चांदीचा कर."

सोनार चाकणचा, नारायणशेट. सायकल माझी. सोपानरावांना सायकल येत नव्हती, पण कॅरियरवर बसून मी कशी चालवतो त्यात फरक काढायला त्यांना काहीच अडत नव्हतं. पिंपरीहून भोसरी, मोशी, चाकण. मोशीच्या पुढं माझी जीभ बाहेर यायची आणि मागून आवाज यायचा, "भाऊसाहेब, डावा पाय कमी पडतोय तुमचा." मीच कशाला हवा, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "तुमी हापिसातले. तुमचं सोनार ऐकंल."

नारायणशेटकडं बाईचा ठसा एकच. डोक्यावर पदर, हात जोडलेले, गाल भरलेले. त्यावर ठोकून त्यांनी सुरेख टाक केला. सोपानरावांनी तो दारात नेऊन उन्हात धरला. मी मनातल्या मनात बोललो, झालं!

"शेट, गालात फरक हाय. आमच्या आईला एवढं खायला कुठलं?"

नारायणशेटनी टाक आटवला, हातानं कोरून गाल बसवले. पुढच्या सुट्टीला आम्ही पुन्हा हजर. आता डोळ्यांत फरक. त्याच्या पुढच्या सुट्टीला हातांत.

"हात जोडून काय उभी केलीया? तिला रिकामे हात ठाऊकच न्हाईत."

"मग काय देऊ हातात? खुरपं?" नारायणशेट वैतागून म्हणाले.

सोपानराव विचारात पडले. "द्या," म्हणाले.

खुरपं दिलं. एवढ्याशा पत्र्यावर ते तलवारीसारखं दिसू लागलं. "अवं, ही तर लढाईला निघाली!" सोपानराव हबकून म्हणाले. मला हसू आलं, आणि त्या दुकानात मला आलेलं तेच शेवटचं हसू.

कारण चांदी दर आटणीला घटत होती. थोडी मुशीत जायची, थोडी कानशीत. पत्रा पातळ होत चालला. पाचव्या खेपेला नारायणशेटनी तो चिमटीत धरला तर वाकला. चष्मा कपाळावर सारून म्हणाले, "सोपानराव, अजून एकदा आटवली तर आईतनं पलीकडचं दिसंल. मी दुसरी चांदी घालतो."

"दुसरी नगं. आईला चालायचं न्हाई."

"मग हाच न्या."

सोपानरावांनी टाक घेतला आणि उन्हात धरायला पुन्हा दाराकडं निघाले. श्राद्धाला चार दिवस उरलेले. माझ्या पोटऱ्या भरून आलेल्या, सुट्टी वाया गेलेली. मी ओरडलोच, "बास करा आता! त्या माउलीची होती नव्हती तेवढी खूण झिजवून टाकलीत तुम्ही! तुम्हाला हवंय तरी काय?"

ते दुकानाच्या पायरीवर बसले.

"भाऊसाहेब, जी बाटली मी पास केली, ती पुढं जाती," ते हळूच म्हणाले. "परत कदी माज्या हातात येत न्हाई. फरक काढलेलीच तेवढी जवळ ऱ्हाती."

एवढ्या खेपा या माणसाला मागं बसवून मी पायडल मारलं, पण हे कळलं नव्हतं. माझी मलाच लाज वाटली. आत नारायणशेटनी कानस खाली ठेवली. सोपानरावांनी टाक रुमालात बांधला, खिशात घातला आणि म्हणाले, "चला."

श्राद्धाला मीही गेलो. टाक घरात घेण्याचीही एक रीत. बाहेरून येणाऱ्यानं टाक तळहातावर धरून अंगणात थांबायचं. आतल्या बाईनं पाण्याचा तांब्या घेऊन उंबऱ्यात उभं राहून विचारायचं, "कोन आलंय?" त्यानं सांगायचं, "आई आली, घरात घ्या." मग पायावर पाणी आणि देवघर. एवढंच.

आक्का उंबऱ्यात उभी राहिली. भावकी ओटीवर दाटली होती.

"कोन आलंय?"

सोपानराव अंगणात उभे. ऊन तापलेलं, पाय अनवाणी, तळहातावर तो पापुद्र्यासारखा टाक.

"सोपाना, कोन आलंय?"

कुणीतरी मागून सांगितलं, "आई आली म्हन." भटजींनी घड्याळ पाहिलं.

आक्कानं तिसऱ्यांदा विचारलं. "सांग की रं. कोन आलंय?"

"आक्का," सोपानराव म्हणाले, "आई गेली गं."

वर्षभरात हे वाक्य त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. आक्का तांब्या तसाच टाकून उंबरा ओलांडून बाहेर आली. "व्हय रं बाबा," म्हणाली, "गेली." आणि पन्नाशीतल्या त्या बाईनं चाळिशीतल्या त्या भावाला भर अंगणात पोटाशी धरलं. टाक दोघांच्या मध्ये कुठंतरी मुठीत होता. सोपानराव लहान पोरासारखे हंबरडा फोडून रडत होते.

"मुहूर्त टळतोय," भटजी म्हणाले.

मी भटजींचा हात धरला. "टळू द्या हो," म्हटलं. "थोडं थांबा."