जोंगखा, कोंकणी आणि नीलकंठशास्त्री

मंगला गौरीच्या देवळाजवळच्या आपल्या घरात नीलकंठशास्त्र्यांनी भाडेकरू ठेवले, तेव्हा अट एकच घातली : खालचं स्वयंपाकघर दोन्ही बिऱ्हाडांनी मिळून वापरायचं आणि त्यात मासळी-मटण शिजवायचं नाही. एका खोलीत बँकेतल्या कामतांची बायको शरदिनी आली. ती कारवारची, माशांवाचून कासावीस. दुसऱ्या खोलीत किन्ले आली, भूतानहून विद्यापीठात शिकायला. ती मांसावाचून तितकीच कासावीस. शरदिनीचं हिंदी पुढे सरकेना, किन्लेचं हिंदी पुस्तकाबाहेर येईना. तरीही थोड्याच दिवसांत दोघींच्या गप्पा अशा रंगू लागल्या, की वरच्या मजल्यावर शास्त्र्यांच्या जपाचे आकडे चुकायला लागले.

जाब विचारायला म्हणून शास्त्री जिना उतरले आणि अर्ध्यावरच थबकले. आत शरदिनी खणखणीत आवाजात म्हणत होती, "एमा, एमा ला!" लगेच खलबत्त्यात मिरच्या पडल्या आणि ठसका जिन्यापर्यंत आला. मग किन्लेचा बारीक आवाज : "उदक दी गो." पाठोपाठ पाणी ओतल्याचा आवाज.

शास्त्री पायरीवरच बसले. म्हणजे ही बोलते कोंकणी, ती बोलते आपली भूतानी जोंगखा, आणि एकमेकींना अक्षर न् अक्षर कळतं! शिवाय ती भूतानची पोर चक्क 'उदक' म्हणते. हिमालयाच्या पल्याड शुद्ध संस्कृत! त्यांच्या अंगावर काटा आला.

हे गुपित त्यांनी पोटात ठेवलं असतं तर बरं झालं असतं. पण कोंकणीला राज्यघटनेत स्थान मिळून तेव्हा वर्षही झालं नव्हतं, आणि शिंदे घाटावर रोज सकाळी त्यावरून वाद पेटे. एके दिवशी निवृत्त मास्तर बिंदुमाधवपंत म्हणाले, "कोंकणी म्हणजे काय हो? मराठीच ती, नाकातून बोललेली."

"नाकातून?" शास्त्री ओले पंचे तसेच टाकून उभे राहिले. "पंत, तिचं नातं पार भूतानपर्यंत जातं!"

"सिद्ध करा."

"करतो!"

शास्त्री वैदिक. एकदा ऐकलं की जन्मभर पाठ. त्यामुळे कागद नाही, पेन्सिल नाही. रोज संध्याकाळी जिन्यात बसून ऐकायचं आणि रात्री व्युत्पत्ती लावायची. कोंकणीत पाण्याला 'छू' म्हणतात. उघडच आहे, श्च्युत् धातू, गळतं ते छू. मिरचीला 'एमा', कारण ती खाल्ली की यम दिसतो. आणि दोघींच्या वाक्यांच्या शेवटी येणारा तो आदराचा 'ला'! तो आपला चतुर्थीचाच प्रत्यय. ज्याला द्यायचं, त्याचा मान राखायचा. काय ही भाषांची रीत! शास्त्र्यांचे डोळे पाणावले.

"अहो, जिन्यात काय बसता? येणाऱ्या-जाणाऱ्याला परेशानी होते," शास्त्र्यांच्या पत्नी प्रभावतीबाई म्हणाल्या.

"संशोधन चाललंय."

"मग खाली घोंगडी तरी घ्या. दगड थंड आहे."

इकडे पंतांनी, शास्त्र्यांची पुरती फजिती व्हावी म्हणून, व्याख्यानाची जय्यत तयारी केली. मराठी मंडळाचा हॉल घेतला, 'जोंगखा आणि कोंकणी : सख्ख्या बहिणी' अशी पत्रकं वाटली, विद्यापीठातली चार माणसं बोलावली आणि सारनाथहून दोन भूतानी लामाही आणले. पहिल्या रांगेत शरदिनी आणि किन्ले नटूनथटून बसल्या.

शास्त्री अर्धा तास असे काही बोलले, की पंतही मान डोलावू लागले. मग पंत भानावर आले. "दोघी इथंच आहेत. त्यांनाच विचारू या की!"

"अवश्य! शरदिनी, कोंकणीत पाण्याला काय म्हणतात?"

"उदक."

शास्त्र्यांनी 'छू' म्हणायला उघडलेलं तोंड तसंच राहिलं. "छू नव्हे?"

"छू? तें किन्लेचें, काका."

दोन्ही लामांनी होकार दिला. शास्त्री घाईघाईनं दुसरीकडे वळले. "किन्ले, मिर्च को तुम लोग मिरसांग ही कहते हो ना?"

"एमा, शास्त्रीजी. मिरसांग तो भाभी का है."

हॉल हसून लोटपोट झाला. शरदिनीला वाईट वाटलं. ती उभी राहिली. "काकांचं चुकलं नाही हो. मला तिची भाषा येईना, तिला माझी. मग आम्ही पहिल्याच दिवशी ठरवलं, मागायचं ते दुसरीच्या भाषेत. आपल्या भाषेत कुणी मागितलं, तर नाही म्हणवत नाही ना!"

म्हणजे शब्द सगळे बरोबर होते, फक्त मालक उलटे. शास्त्री खुर्ची चाचपू लागले. तेवढ्यात थोरले लामा उठून म्हणाले, "पर पंडितजी का उच्चारण बिलकुल शुद्ध है."

"मग शास्त्रीबुवा," पंतांनी शेवटचा बाण सोडला, "नातं नाहीच म्हणायचं?"

शास्त्र्यांनी समोरच्या त्या दोघींकडे पाहिलं. किन्लेनं शरदिनीचा हात धरला होता.

"आहे," ते म्हणाले. "सख्ख्या बहिणींचंच आहे. फक्त मी समजत होतो तितकं जुनं नाही. गेल्या दसऱ्याचा जन्म, आमच्याच चुलीपाशी. आणि पंत, इतकं शहाणं नातं मी चार वेदांत शोधलं असतं तरी सापडलं नसतं."

टाळ्या पंतांनीच सुरू केल्या.

घरी परतताना गल्लीत किन्ले मागे वळली आणि स्वच्छ मराठीत म्हणाली, "काका, तुम्ही फार छान बोललात."

शास्त्री जागच्या जागी थांबले. "तुला मराठी येते?"

"काकूंनी शिकवली. तुम्ही जिन्यात येऊन बसलात की काकू वरून खूण करायच्या. मग आम्ही दोघी मुद्दाम मोठ्यानं बोलायचो. म्हटलं, म्हातारा माणूस इतका अभ्यास करतोय, ऐकायला त्रास नको."

शास्त्र्यांनी बायकोकडे पाहिलं. प्रभावतीबाई मात्र कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याकडची वांगी फार लक्षपूर्वक निवडत होत्या.