अर्डिसचा नेम

बंदुकीचा नेम किती अंतरावर बांधावा, म्हणजे बंदुकीवरच्या दुर्बिणीतली फुली आणि गोळी नेमकी कुठे जुळावी, यावरून विस्कॉन्सिनमध्ये सख्ख्या भावांनी बोलणं टाकलेलं आहे. नॉर्बर्टला त्या वादात पडायचंच नव्हतं. यंदाचा हरणांचा हंगाम बायकोच्या बंदुकीनं करायचा आणि दुर्बिणीचे स्क्रू तिनं ठेवले तिथेच ठेवायचे, एवढंच त्याच्या मनात होतं. अर्डिसला जाऊन आठ महिने झाले होते. बाकी सगळं तिच्या बहिणींनी आवरून टाकलं. तिनं ठेवलं तसं राहिलेलं हे एकच होतं.

"पण तिनं नेम बांधला होता कितीवर?" नेमबाजी क्लबच्या मैदानावर त्याच्या मित्रानं, डेलमारनं विचारलं. कुणी सल्ला मागेपर्यंत थांबणं डेलमारला आयुष्यात जमलं नव्हतं.

"मला काय ठाऊक? दरवर्षी एकटीच यायची इथं. मला फिरकू द्यायची नाही."

"मग मार की गोळी. कळेलच."

पन्नास यार्डांवर मारली. कागद कोरा. "म्हणजे शंभरावर बांधलाय," डेलमार म्हणाला. शंभरावरही कागद कोरा. "दोनशे! बाई भलतीच जोरात होती की रे!" दोनशेवर तर गोळी गेली कुठं तेच दिसेना. तोवर निम्मा क्लब हातात सॉसेज घेऊन मागे जमला. कुणी नॉर्बर्टचे हात कापतात म्हणालं, कुणी डोळ्यांवर आलं. डेलमारनं बंदूक हिसकावून स्वतः मारली. तीही हुकली, तेव्हा कुठे त्याचा आवाज खाली आला.

शेवटी फ्रिजचं भलंमोठं खोकं आणून उभं केलं. तेव्हा उलगडलं. पन्नासावर एक फूट डावीकडे, शंभरावर दोन फूट. भोकं मात्र एकमेकांना खेटून.

"दुर्बीण हललीय," डेलमारनं स्क्रू फिरवायला खिशातून नाणं काढलं. "दे इकडे, दोन मिनिटांत शंभरावर आणतो."

"हात तर लावून बघ!" म्हणत नॉर्बर्टनं बंदुकीची पिशवी ओढली. तिच्या झाकणाच्या आत एक चिकटपट्टी होती, वर अर्डिसचं अक्षर: 'हंगामाआधी डावीकडे ९६ घरं. विसरायचं नाही.'

डेलमारनं बोटांवर हिशेब केला. "दुर्बिणीचा स्क्रू शहाण्णव घरं फिरवला म्हणजे शंभरावर बरोब्बर दोन फूट. नॉर्ब, अरे लेका, हे मुद्दाम केलंय!"

नॉर्बर्ट खाली बसला. एका परवान्यावर एक हरीण. ते पडलं की तुमची शिकार संपली, घरी जायचं. त्याचं पहिल्याच सकाळी पडायचं. मग उरलेले आठ दिवस तो मचाणावर बायकोशेजारी बसून तिला शिकवायचा. "श्वास रोख गं! घाई नको!" ती हुकायची, "उद्या नक्की" म्हणायची आणि कॉफी ओतायची. अशी बावीस वर्षं. आणि तो चारचौघांत म्हणायचा, हिच्या हाताला नेमच नाही! त्याला तिची इतकी आठवण आली, की सगळ्यांसमोर त्याला नाक पुसावं लागलं.

"मग? शंभरावर आणू ना?" डेलमारनं हळूच विचारलं.

"नको. बरोबर आहे तो."

हंगामाच्या पहिल्या सकाळी पन्नास यार्डांवर मोठा नर येऊन उभा राहिला. नॉर्बर्टनं श्वास रोखला, घाई केली नाही, थेट काळजावर नेम धरला. फूटभर डावीकडच्या बर्चच्या झाडाची साल उडाली. हरणानं त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि पळालं.

"उद्या नक्की," शेजारच्या रिकाम्या फळीकडे बघून तो म्हणाला, आणि त्यानं दोन्ही पेल्यांत कॉफी ओतली. अजून आठ दिवस बाकी होते.